दोन दातांचा भात

फिलोमिनाच्या घरात शिरायचं म्हणजे आधी खाली बघायचं आणि मग पाऊल टाकायचं. पायऱ्यांपासून मागच्या मोरीपर्यंत जिथं तिथं झाडं. रंगाचे रिकामे डबे, नूडल्सचे कागदी पेले, कान तुटलेली बादली, एवढंच काय, भावाचं तडकलेलं हेल्मेटसुद्धा तिनं सोडलं नव्हतं. सगळ्यांत नारळाचं सोडण आणि शेवाळ भरलेलं, आणि प्रत्येकात एक किडेखाऊ झाड. कुणी गडबडीनं आत आलं की ती चुलीपासूनच ओरडायची, "अगं ए, दोरीवर पाय देशील!" दोरी म्हणजे पानाच्या टोकाला लोंबणारा लांब तंतू. त्याच्याच शेवटाला फुगत फुगत मडकं धरतं, मडक्यात पाणी साठतं, त्यात मुंग्या-माश्या घसरून पडतात आणि झाड त्यांचा सावकाश फडशा पाडतं.

शहाण्यांच्या पुस्तकात या झाडाला घटपर्णी म्हणतात. तापांग गावात माकडाचं मडकं म्हणतात आणि विषय संपवतात. फिलोमिनाचं डोकं फिरायचं ते इथंच.

"सगळी मडकी सारखी कशी असतील? तुमची पोरं सारखी आहेत का?" असं म्हणून ती पाहुण्याला धरून एकेका डब्यापाशी न्यायची. "हिच्या गळ्याला पांढरी पट्टी बघ. वाळवी त्या पट्टीला भुलते आणि आत पडते. ही सडपातळ, हिला कुठंही टाका, जगते. ही ओठाळ, ओठ कसे रंगवून बसलीय मेली! आणि ही बुटकी, ढेरपोटी, झाकण मागं टाकलेली. ही तर बाई जवळजवळ शाकाहारी. वरून पडेल तो पालापाचोळा खाऊन राहते."

पाहुणा हसायचा, हातातला तांदळाच्या दारूचा पेला संपवायचा आणि दोऱ्या चुकवत बाहेर पडायचा. शहरात, कुचिंगला, परत गेल्यावर मात्र तोच फोनवर फोटो पाठवायचा, "आत्या, आमच्या शेताच्या कडेला हे दिसलं, हे कुठलं?" आणि फिलोमिनाचं उत्तर ठरलेलं, "नुसतं मडकं काय दाखवतोस? झाकण उचल, पान उलटं कर, देठ दाखव. चेहऱ्यावरून कुळ सांगायला मी काय ज्योतिषी आहे?"

तिनं लग्न केलं नव्हतं. तरुणपण मिरी शहरातल्या एका मोठ्या कँटीनमध्ये मोठमोठ्या कढया घासण्यात आणि उतरवण्यात गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा ती गावी आई-बापाच्या घरात परत आली. शेजारच्याच घरात तिचा थोरला भाऊ ऑगस्टिन आणि त्याची बायको सेसिलिया. ती परत आली त्याच वर्षी गावामागच्या दलदलीतून नवा रस्ता निघाला. लहानपणी आईचं बोट धरून ती ज्या चिखलात मडकी तोडायला जायची, तिथं पिवळी यंत्रं उभी राहिली. फिलोमिना त्यांच्या पुढं पुढं गोणी घेऊन धावली आणि जे हाताला लागेल ते उपटून घरी घेऊन आली. सगळी झाडं अशी गोळा झालेली.

त्यातच तिला दातरी सापडली.

दिसायला बुटक्या ढेरपोटीसारखीच, पण मडकं जरा मोठं, पान लांब, आणि झाकणाच्या मुळाशी आतल्या बाजूला दोन बारीक सुळे. कुचिंगला डॉक्टर ल्यू म्हणून एक निवृत्त दंतवैद्य होते, झाडांच्या बाबतीत तिच्याइतकेच वेडे. ते आले, चष्मा वर-खाली केला, दात बघायचा तो छोटा आरसा खिशातून काढून त्यांनी मडक्याच्या तोंडात घातला.

"फिलोमिनाबाई, आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघितलंय मी. हे दात आहेत," ते म्हणाले. "दलदलीत ती मोठ्या सुळ्यांची जात असते ना, ती एक बाजू, आणि तुमची ढेरपोटी दुसरी. रानातच जुळलेला संकर आहे हा. मी पुष्कळ झाडं बघितली, पण असलं पहिल्यांदाच बघतोय."

फिलोमिना त्या दिवशी जेवली नाही, इतका आनंद झाला. पण पुढं दातरीला फुलाचा तुरा आला आणि तिचा चेहरा उतरला. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, आणि फूल येईपर्यंत कोण काय ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. दातरी मादी निघाली. नर कुठं शोधायचा? दलदल तर डांबराखाली गेली होती. तिनं चर्चमागची उरलेली पाणथळ चाळली, पलीकडच्या गावांत फिरली, गुडघ्याला पट्टा बांधून नदीकाठ पालथा घातला. सुळ्यावाले भेटले, ढेरपोटे ढिगानं भेटले, दातरीच्या जातीचा एकही नाही.

"फांदी तोडून लाव की," ऑगस्टिन म्हणाला. "एकाची दहा होतील."

"लावल्यात रे. पण त्या दहाही तीच. ती पोरं नव्हेत. उद्या एक रोग आला की सगळ्या एकदम जातील." आणि मग ती नेहमीची चेष्टा सोडून सरळ बोलली, "दादा, मला हिची पोरं बघायचीत. चर्चमागच्या ओलीत पुन्हा लावायचीत. मी मरायच्या आत, बस. दुसरं काही मागत नाही मी."

बहिणीला ऑगस्टिननं आयुष्यात कधी काही मागताना ऐकलं नव्हतं.

आता सेसिलिया. नणंद-भावजयीचं म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं सख्य. सेसिलिया फिलोमिनाला 'वन्सं' म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि तेवढ्या आदरानं एवढे टोमणे कुणी मारू शकत असेल यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसला नसता. "वन्सं, तुमच्या झाडांना माश्या पुरतात का, की आमच्याकडून पाठवू?" असं रोज सकाळी कुंपणावरून चालायचं.

पण एका बाबतीत सेसिलियापुढं सारं गाव हात जोडायचं, आणि ते म्हणजे गवाईच्या, सुगीच्या सणाचा मडक्यातला भात. चिकट तांदूळ भिजवायचा, ढेरपोटीच्या कोवळ्या मडक्यांत भरायचा, वरून नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ, आणि मडकी उभी करून उकडायची. घरोघरी करतात. पण सेसिलियाच्या भाताची लज्जत वेगळी आणि दिमाख त्याहून वेगळा. ती मडकं सोलून, भाताची गोल मूद पानावर ठेवूनच पाहुण्याला द्यायची. "पाहुण्याला सोलायला लावायचं? आमच्या माहेरी तशी रीत नाही!" आणि प्रत्येक मुदीच्या माथ्यावर, एका कडेला, दोन बारीक खळगे असायचे. कुणीतरी कधीतरी विचारलं, हे काय? सेसिलिया मान वेळावून म्हणाली, "माझी दोन बोटं. माझ्या हाताची खूण." झालं. तेव्हापासून गावात 'सेसिलियाची दोन बोटं' प्रसिद्ध झाली. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा सणानंतर विचारायचे, "दोन बोटं मिळाली का तुम्हाला?"

मडकी ती आपल्या न्हाणीघराच्या भिंतीलगत लावलेल्या झुडपावरूनच तोडायची. माहेराहून, दलदलीच्या पलीकडच्या वस्तीतून आणलेलं झुडूप ते. दर वर्षी कोवळी असतानाच सगळी मडकी उतरवायची आणि वेल कापून बुडख्याशी आणायचा, म्हणजे पुढच्या वर्षी खालून पुन्हा भरगच्च धरतात. फिलोमिनानं गावी आल्या आल्या ते लांबून बघितलं होतं आणि कुंपणापलीकडूनच निकाल दिला होता, "साधी ढेरपोटी." त्यानंतर तिकडं फिरकायचं कारणच पडलं नाही. भावजयीच्या न्हाणीघरात कोण डोकावणार?

त्या वर्षी गवाईच्या आठवडाभर आधी सेसिलिया घसरून पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. घसरली तीही फिलोमिनानं वाळत घातलेल्या शेवाळावरून, म्हणजे बघा. भात सुनेनं, देलिमानं केला. सणाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, सेसिलिया हात गळ्यात अडकवून गादीवर राणीसारखी बसली होती आणि देलिमा पानं वाढत होती.

फिलोमिनानं मूद हातात घेतली. माथ्यावर दोन खळगे.

तिनं घास घेतला नाही. आधी मुदीकडं बघितलं, मग सेसिलियाच्या प्लास्टरकडं, मग पुन्हा मुदीकडं.

"देलिमा," तिनं विचारलं, "ही बोटं तू उमटवलीस?"

"मी नाही बाई! आईंनी सांगितलं होतं, मी डाव्या हातानं करीन, तू हात लावू नकोस. आणि त्या तर दुपारभर झोपल्या होत्या." देलिमा बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की सगळी बैठक तिच्याकडंच बघतेय.

"वहिनी," फिलोमिना म्हणाली, "मग बोटं कुणाची?"

सेसिलियाचं तोंड एवढंसं झालं. "वाफेनं होतं ते," ती पुटपुटली. "आपोआप."

"आपोआप! आणि इतकी वर्षं आम्ही तुझी बोटं चाटत बसलो?" कुणीतरी मागून बोललं आणि सारं घर खदखदून हसलं. पाद्री सगळ्यात जास्त हसले.

फिलोमिना मात्र हसायला तिथं होतीच कुठं? ती हातातल्या पानासकट उठून न्हाणीघराकडं धावली होती. गुडघ्यांची तिला शुद्ध नव्हती. झुडपाच्या बुडाशी, पाल्याखाली, देलिमाच्या नजरेतून सुटलेलं एकच मडकं होतं. तिनं झाकणाखाली करंगळी घातली. झाकणाच्या मुळाशी, आत, दोन बारीक टोकं टोचली. भात फुगून वर आला की त्यांच्यावर जाऊन टेकणार, आणि मडकं सोललं की मागं उरणार दोन खळगे.

"अगं माझे आई," ती चिखलातच बसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! नदीकाठ पालथा घातला मी, आणि हे इथं रोज माझ्या भावाच्या आंघोळीचं पाणी पीत बसलंय! आणि आम्ही याचा दर वर्षी भात करून खातोय!"

झुडूप नर की मादी, ते कळायला तुरा यायला हवा. तुरा यायला वेल उंच चढायला हवा. वेल चढायला तो कापायचा नाही. म्हणजे पुढच्या गवाईला सेसिलियाचा मडक्यातला भात नाही. इतकं साधं होतं, आणि म्हणूनच अवघड होतं.

"नाही," सेसिलिया म्हणाली. "भर पंगतीत माझं नाक कापलंत आणि वर माझंच झाड मागता? वन्सं, कमाल आहे तुमची."

कुंपणावरचे टोमणेसुद्धा बंद झाले. आणि टोमणे बंद होणं म्हणजे काय, ते नणंद-भावजयींनाच ठाऊक. फिलोमिना दातरीपाशी जाऊन बसायची आणि सेसिलियाच्या न्हाणीघराकडं बघत राहायची. मधे एक कुंपण आणि चार पावलांची वाट, पण ओलांडता येत नव्हती.

शेवटी ऑगस्टिननंच तोंड उघडलं. "फिलो, तू हक्कानं मागतेस, तिथं तुझं चुकतं. नवरी तुझ्याकडं आहे ना? मग मुलीकडच्यांनी आधी जायचं असतं. आणि रिकाम्या हातानं नाही."

दुसऱ्या दिवशी फिलोमिना चर्चला नेसायची विणलेली घेरदार सारोंग गुडघ्यावर सावरून, एका हातात तांदळाच्या दारूचं मडकं आणि दुसऱ्यात पाय बांधलेला कोंबडा घेऊन भावाच्या पायऱ्या चढली. सेसिलियानं बघितलं आणि तिला काय समजायचं ते समजलं. तिनं आत जाऊन चांगली वेताची चटई आणली, अंथरली, आणि सारोंग सावरून समोर बसली.

"बोला," ती म्हणाली.

"मुलगी वयात आलीय. तुमच्याकडं मुलगा आहे असं कळलं."

"आमच्या मुलाचं अजून शिक्षण चालू आहे."

"आम्ही थांबू."

"मुलगा आहे की मुलगी हेच ठाऊक नाही, आणि स्थळ घेऊन आलात?" सेसिलियाच्या ओठांच्या कडा हलल्या, पण तिनं हसू दाबलं. "मानपान काय करणार?"

"म्हणशील ते."

"मग ऐका. वर्षभर मी कात्री लावत नाही. पण ती मुलगी निघाली, तर जन्मभर माझी मडकी तुम्ही धुवायची. आणि मुलगा निघो की मुलगी, मी पुन्हा मडक्यातला भात करीन त्या गवाईला सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं, ते खळगे सेसिलियाच्या बोटांचेच होते, मी खोटं बोलले."

जन्मात फिलोमिनानं एका मडक्याचं नाव चुकीचं सांगितलं नव्हतं. खोटी ओळख सांगायची, आणि तीही दातरीच्या जातीची! पण पलीकडं दातरी एकटी होती.

"कबूल," ती म्हणाली. कोंबडा जोरात आरवला आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

वर्षभर वेल चढत राहिला. न्हाणीघराच्या भिंतीवरून, दारावरून, पत्र्यावर. ऑगस्टिनला आंघोळीला वाकून जावं लागायचं. "सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं," तो कुरकुरायचा. गावानं पैजा लावल्या, मुलगा की मुलगी. फिलोमिना रोज सकाळी कुंपणाशी यायची आणि सेसिलिया तिनं विचारायच्या आधीच सांगायची, "काही नाही. अभ्यास चालू आहे."

गवाई तोंडावर आली आणि इकडं दातरीला तुरा आला. या तुऱ्याची फुलं खालून वर उमलत जातात आणि खालूनच वाळत येतात. सगळी वाळली की संपलं. पुन्हा वर्षाची वाट. तिकडं न्हाणीघरावर नुसती पानं. उतावळा नवरा ऐकला होता तिनं, इथं नवरीला घाई आणि नवरदेवाचा पत्ता नाही.

खालची फुलं वाळायला लागली.

त्यातच गावप्रमुख आले. कुचिंगहून मोठे पाहुणे येणार होते आणि यांनी बढाई मारून ठेवली होती की आमच्याकडं दोन बोटांचा भात मिळतो. "सेसिलियाबाई, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "एका वेलाची तर गोष्ट."

सेसिलियानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी फिलोमिनानं कुंपणावरून बघितलं तर भावजय हातात कात्री आणि टोपली घेऊन स्टुलावर चढत होती.

"वहिनी!"

"वन्सं, वर्ष भरत आलं. तुमचा नवरदेव संन्यासी आहे. लग्नाला उभा राहायचा नाही. कितीजणांना उपाशी ठेवू मी?"

फिलोमिनाला रडू फुटलं. सरळ, लहान पोरीसारखं. ती कुंपणाला धरून उभी राहिली. सेसिलियानं तिच्याकडं एकदा बघितलं, मग मान फिरवली. तिनं डाव्या हातानं पत्र्यावरची पानं बाजूला सारली, कात्री उघडली.

आणि तशीच थांबली.

"वन्सं," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं. मग गाव जागं होईल एवढ्यानं. "वन्सं! या इकडं! अहो या ना! पत्र्याच्या मागल्या बाजूला आहे हा! कणसासारखा! एवढा लांब!"

तुरा पत्र्याच्या पलीकडं, उन्हाच्या बाजूला झुकला होता. खालून कुणालाच दिसला नसता. कळ्या मिटलेल्या होत्या, पण टपोरलेल्या. सेसिलिया स्टुलावरून उतरली, गावप्रमुखांच्या घराकडं चालू लागली आणि जाता जाता म्हणाली, "बांबूतला भात खातील पाहुणे. नाही आवडला तर घरी जाऊन जेवतील."

आता चढाओढ लागली. दातरीची फुलं रोज वर वर वाळत चाललेली, आणि पत्र्यावरच्या कळ्या मिटलेल्या. डॉक्टर ल्यूंना फोन गेला. ते कुचिंगहून निघून आले आणि सरळ अंगणातच खुर्ची टाकून बसले, बाळंतपणाला डॉक्टर बसावा तसे. गवाईचा दिवस उजाडला. दातरीच्या शेंड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फुलं ओली राहिली होती.

फिलोमिनाच्या गुडघ्यांनी स्टूल चढवेना. सेसिलियाच चढली. अंगणात ऑगस्टिन, देलिमा, डॉक्टर, नटूनथटून निघालेले शेजारी, सगळे माना वर करून उभे.

"उमललंय!" सेसिलिया ओरडली.

"नीट बघ, वहिनी! मधे हिरवी गुठळी आहे का? पोटाशी फुगीर?"

"नाही... नाही दिसत."

"मग काय आहे? सांग ना गं!"

"बारीक दांडी आहे. तिच्या टोकाला पिवळा गोळा आहे. थांबा, हात लावते." तिनं हात पुढं केला. "वन्सं, माझ्या बोटांना पावडर लागली. पिवळी."

फिलोमिनानं दोन्ही हात डोक्यावर नेले. "नर!" ती किंचाळली. "अगं बाई, नर आहे! मुलगा झाला!"

अंगणात एकच आरडाओरडा झाला. ऑगस्टिननं सुनेला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. डॉक्टर ल्यूंनी काडी पुढं केली, कापूस पुढं केला, पण सेसिलियाला थांबायला वेळ कुठं होता? ती पहिली नि दुसरी, दोन बोटं हवेत उंच धरून स्टुलावरून उतरली. कुंपणाच्या तुटक्या जागेतून घुसली, दोऱ्या ओलांडल्या, डबे चुकवले, आणि दातरीपुढं येऊन उभी राहिली.

"कुठं लावू?"

"इथं. या चिकट टोकावर. हळू."

सेसिलियानं आपली दोन बोटं एका फुलाला टेकवली. मग दुसऱ्या. मग शेंड्यापर्यंत एकेका फुलाला. तिचा हात फिलोमिनानं खालून धरला होता.

"विहीणबाई," फिलोमिना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"आता कसं," सेसिलिया म्हणाली. "इतकी वर्षं वहिनी म्हणून कधी एवढ्या मायेनं हाक मारली नाहीत."

त्या गवाईला कुचिंगच्या पाहुण्यांनी बांबूतला भात खाल्ला आणि बोटं चाटली. शेंड्याच्या फुलांची बोंडं धरली, महिन्या-दोन महिन्यांनी तपकिरी होऊन उकलली, आणि आतून केसासारखं बारीक बी निघालं. फिलोमिनानं ते ओल्या शेवाळावर पसरलं. सेसिलिया रोज येऊन वाकून बघायची. आधी हिरवे ठिपके आले. मग ठिपक्यांना पानं, आणि पानांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याएवढी मडकी. "पोट तुमच्याकडचं आहे," सेसिलिया म्हणाली. "पण चण आमच्या घरची." यावर दोघींचं इतकं वाजलं की ऑगस्टिननं दार लावून घेतलं. टोमणे पुन्हा सुरू झाले होते, आणि घरात सगळं ठाकठीक होतं.

पोरं हाताएवढी झाल्यावर सगळ्या गावानं मिळून चर्चमागच्या ओलीत लावली. पाद्री गुडघाभर चिखलात उतरले. फिलोमिना काठावर उभी राहून ओरडत होती, "अरे, दोरी वर ठेवा, दोरी!"

त्यापुढच्या गवाईला सेसिलियानं पुन्हा मडक्यातला भात केला. तिचा वेल आता मोकळेपणानं कापता येत होता. मागं पोरंबाळं होती. भरल्या घरात गावप्रमुखांचा एक नवा पाहुणा पानावरची मूद फिरवून बघत म्हणाला, "बाई, या त्या प्रसिद्ध दोन बोटांच्या खुणा ना?"

कबूल केलेलं खोटं बोलायची वेळ आली, म्हणून फिलोमिनानं घास हातातच धरला.

"छे हो," सेसिलिया म्हणाली. "ते आमच्या मुलाचे दात. माझी बोटं बघायची असतील तर चर्चमागं जा. सगळी ओल भरलीय."